पास झाल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही

जून-जुलै लागला की इंदूरच्या मराठी वस्त्यांत सत्कारांचा मोसम सुरू होतो. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, तिलकनगर, सगळीकडे कुठल्या ना कुठल्या मंडळाचा गुणगौरव असतोच. दहावी-बारावीत ठरावीक टक्क्यांच्या वर असलेल्या मुलांची यादी होते, नाव पुकारलं जातं, मुलगी मंचावर येते, श्रीफळ, फूल, प्रशस्तिपत्र, एक फोटो, आणि मिनिटभरात पुढचं नाव. प्रशस्तिपत्रावर नाव, इयत्ता, टक्केवारी आणि उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छा असतात. ते टक्के कसे आले हे त्या कागदावर नसतं, निवेदकाच्या चिठ्ठीवर नसतं, आणि बहुतेक वेळा त्या मुलीलाही ते नेमकं सांगता येत नाही.

समारंभ बंद करा असं कुणी म्हणू नये. कौतुक व्हायलाच हवं, चारचौघांत व्हायला हवं. पण अपयश कसं पचवायचं याची व्याख्यानं आपण मुलांना वर्षभर ऐकवतो आणि यशाकडे कसं पाहायचं हे मात्र एकदाही शिकवत नाही. पडल्यावर माणूस किती लवकर उठतो, हे त्याने आधीची यशं मनात कशी साठवली आहेत यावर फार अवलंबून असतं. मध्य प्रदेशात बोर्डात नापास झालेल्यांसाठी २०१६ मध्ये ‘रुक जाना नहीं’ योजना सुरू झाली: पुन्हा पेपर द्या, वर्ष वाचवा. ही कल्पना चांगलीच. बारावीला ७५ टक्क्यांच्या वर गेलेल्याला सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देतं, तेही चांगलं. पण त्या ७५ टक्क्यांचं पुढे काय करायचं, हे त्याला ना सरकार सांगतं, ना शाळा, ना घर. तोच मुलगा दोन वर्षांनी कोचिंग क्लासांनी भरलेल्या भंवरकुआ भागातल्या एखाद्या हॉस्टेलच्या खोलीत पहिल्यांदा आपटतो, तेव्हा मागे वळून पाहायला त्याच्याकडे एका आकड्याशिवाय काही नसतं.

निकालानंतर आपल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आजी म्हणते, “पहिल्यापासून हुशारच आहे आमचा.” आणि पेढे द्यायला गेल्यावर आई शेजारच्या काकूंना सांगते, “देवाची कृपा, आणि पेपरही यंदा सोपे होते.” एकात अभिमान आहे, दुसऱ्यात नम्रता. दोन्ही वाक्यं प्रेमाने म्हटलेली असतात आणि दोन्हींत एकच दोष आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वाइनर यांनी १९७०च्या दशकापासून हा विषय नीट मांडला. एखाद्या घटनेचं आपण जे कारण देतो ते तीन अंगांनी तपासता येतं: ते कारण आपल्या आतलं आहे की बाहेरचं, टिकणारं आहे की बदलणारं, आणि आपल्या हातातलं आहे की नाही. हुशारी आतली आणि टिकणारी, पण हातातली नाही. ती असते किंवा नसते. देवाची कृपा आणि सोपा पेपर बाहेरचे, आणि तेही हातातले नाहीत. म्हणजे अभिमान आणि नम्रता दोघीही मुलाला एकच गोष्ट सांगतात: जे झालं ते तू केलेलं नाहीस. मग पुढच्या वर्षी पेपर अवघड निघाला, तर कृपा संपली किंवा हुशारी संपली, एवढेच दोन अर्थ त्याच्याकडे उरतात. दोन्हींवर त्याला करण्यासारखं काही नसतं.

यात भर पडते ती अपयशाच्या वेळच्या भाषेची. यश देवाचं, अपयश मात्र थेट मुलाचं: “तुझं लक्षच नसतं”, “तू आहेसच आळशी”. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये ‘शिकलेली हतबलता’, म्हणजे आपल्या हातात काही नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की प्रयत्नच सोडून देणं, प्रयोगांतून दाखवली. १९७८ मध्ये त्या मांडणीत सुधारणा झाली आणि माणूस घटनांची कारणं कशी लावतो याला मध्यवर्ती जागा मिळाली. वाईट घटनेचं कारण स्वतःत, कायमचं आणि सगळीकडे लागू पडणारं मानायचं, आणि चांगल्या घटनेचं कारण बाहेरचं, तात्पुरतं आणि तेवढ्यापुरतं मानायचं, अशी सवय असलेली माणसं निराशेकडे लवकर झुकतात. आपल्याकडे ही सवय संस्कार म्हणून लावली जाते, म्हणून ती खटकत नाही.

काहींना वाटतं, मुलाला भरपूर यश मिळू द्या, आत्मविश्वास आपोआप येईल. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच तपासलं. गणितात थोडं अपयश आलं की कोलमडणारी बारा मुलं घेतली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला महिनाभर फक्त जमणारी गणितं दिली, यशावर यश. दुसऱ्या गटाला मधूनमधून न जमणारं गणित दिलं आणि चुकल्यावर प्रयत्न कुठे कमी पडला ते सांगितलं. शेवटी दोघांनाही अवघड गणितं दिली, तेव्हा नुसत्या यशावर वाढलेली मुलं पूर्वीसारखीच ढेपाळली, दुसरी टिकली. मुलं फक्त बारा होती, त्यामुळे यावर मोठी इमारत बांधू नये. पण १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग याच दिशेने गेले. पहिली कोडी सुटल्यावर काहींना “हुशार आहेस” म्हटलं, काहींना “चांगले कष्ट घेतलेस”. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, आणि नंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. ‘हुशार’ गटाची कामगिरी आधीपेक्षा घसरली, ‘कष्ट’ गटाची सुधारली. आपले गुण अनोळखी मुलांना लिहून कळवायला सांगितले तेव्हा ‘हुशार’ गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. ‘कष्ट’ गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. हुशार म्हणवून घेतलेल्या मुलाला कमी गुण लपवावेच लागतात, कारण त्याच्या लेखी ते गुण म्हणजे तो स्वतः असतो.

इथे एक सावधगिरी हवी. या संशोधनाचा आधार घेऊन गेल्या काही वर्षांत शाळांत ‘मेहनतीचं कौतुक करा’ असा मंत्रच झाला आहे. त्याचा परिणाम जपूनच सांगायला हवा. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या बारा हजारांहून अधिक मुलांवर तासाभरापेक्षा कमी वेळेचा एक ऑनलाइन कार्यक्रम करून पाहिला, तेव्हा अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सरासरीत चारपैकी ०.१ गुणांकाची वाढ दिसली. फायदा आहे, पण किरकोळ. आणि ‘मेहनत’ हा शब्द ‘हुशारी’इतकाच धूसर राहू शकतो. भंवरकुआच्या लायब्रऱ्यांत दिवसाचे बारा-बारा तास बसणारी मुलं शेकड्यांनी आहेत. त्यांना यशाचं कारण मेहनत असं सांगितलं, तर नापास झाल्यावर त्यांना एकच निष्कर्ष काढता येतो: मेहनत कमी पडली, आता चौदा तास. झोप कमी होते, वाचलेलं टिकत नाही, आणि पुढचा पेपर आणखी वाईट जातो. म्हणून कोणती मेहनत, कशावर, कोणत्या रीतीने, इथपर्यंत उतरावंच लागतं.

ते उतरणं कसं असतं ते एका सराव पेपरवर दाखवता येईल. मध्य प्रदेशच्या राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर असतो. तसाच १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा एक सराव पेपर घेऊ, चुकीला दंड नाही असं धरू. सोडवतानाच प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने एक खूण करायची: पक्कं येतं त्याला उभी रेघ, दोन पर्यायांत अडकलो त्याला फुली, निव्वळ अंदाज त्याला शून्य. उत्तरतालिका हातात पडण्याआधीच. समजा एका मुलाच्या कागदावर ४४ रेघा, २८ फुल्या आणि २८ शून्यं आहेत. तपासल्यावर रेघांपैकी ४१ बरोबर, फुल्यांपैकी १५, शून्यांपैकी १२. एकूण ६८, म्हणजे १३६ गुण. कोचिंगच्या भिंतीवर लागतो तो हा १३६.

आता शून्यांकडे पाहा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चारांतलं एक बरोबर येतं. २८ अंदाजांत सरासरीने ७. याचे १२ आले, म्हणजे पाच प्रश्न, दहा गुण, निव्वळ योगायोगाने हाती लागले. पुढच्या पेपरात रेघा आणि फुल्या तितक्याच राहिल्या आणि अंदाजांतले चारच लागले, तर एकूण ६०, गुण १२०. एका आठवड्यात १६ गुणांची घसरण. भिंतीवरचा आकडा पाहणारा मुलगा खचेल, पुस्तकं बदलेल, कदाचित क्लासही बदलेल. खुणा केलेल्या मुलाला मात्र दिसेल की पक्के ४१ तिथेच आहेत, काही ढासळलेलं नाही, काम फुल्यांवर करायचं आहे: २८ पैकी १३ का चुकल्या, ते १३ प्रश्न कोणत्या धड्यातले. तो त्या रात्री झोपू शकतो, आणि ती झोप कोणत्याही प्रेरणादायी भाषणाने लागली नसती. ती आदल्या आठवड्यातल्या १३६ कडे त्याने आनंदाच्या भरातही नीट पाहिलं, म्हणून लागली.

सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. चुकलेले प्रश्न तपासायला सगळेच सांगतात. बरोबर आलेले तपासायला कुणी सांगत नाही, आणि पुढच्या घसरणीची भीती ज्यातून जन्मते तो योग नेमका बरोबर आलेल्यांतच दडलेला असतो.

परीक्षेपुरतं हे पुरेल. बाकी आयुष्यासाठी एक साधी शंभर पानी वही लागते. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, वीस मिनिटं. रोज लिहायचं ठरवलं तर बहुतेक वह्या दुसऱ्याच आठवड्यात बंद पडतात, म्हणून रोज नको. त्या आठवड्यातली अशी तीनच कामं निवडायची जी आधी अडली आणि मग जमली. सहज झालेलं लिहायचं नाही, ते कितीही मोठं असलं तरी. प्रत्येक कामाच्या पाच-सहा ओळी: काय करायचं होतं, नेमकं कुठे अडलं, अडल्यावर काय केलं, कुणाची मदत झाली, योगाचा भाग किती, आणि हेच पुन्हा करायचं झालं तर पहिलं पाऊल कोणतं. यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच सगळ्यात वाईट लिहिली जाते. “मन लावून केलं”, “जिद्द सोडली नाही” ही वाक्यं खोडून टाकावीत. कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं, तेवढंच लिहावं: “पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर होळकरांचा वंशक्रम तीनदा लिहिला, तिसऱ्यांदा दोनच जागा चुकल्या.” हे वाक्य सहा महिन्यांनी उघडलं तरी त्यावरून हात हलवता येतो. जिद्दीवरून हलवता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचारातला कळीचा मुद्दा इथे कामाला येतो. ‘मला हे करता येईल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेलं पाहणं, कुणी पटवून देणं, आणि शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिली वाट सगळ्यात भक्कम. पण सहज मिळालेल्या यशाने ती बनत नाही. ज्याला फक्त सोपं यश माहीत आहे त्याला लगेच फळ मिळण्याची सवय लागते आणि पहिल्या अडथळ्याला तो थकतो. म्हणून वहीत ‘कुठे अडलं’ ही ओळ असल्याशिवाय बाकीच्या ओळींना किंमत नाही.

ही वही बिघडते कशी, तेही सांगायला हवं. एक, निकाल लागल्यावर लिहिली की बिघडते. निकाल चांगला असेल तर सगळंच ठरवून केल्यासारखं आठवतं, वाईट असेल तर केलेलंही आठवत नाही. काम संपताच, निकालाच्या आधी लिहावं. दुसरं, आई-वडिलांनी वाचायला सुरुवात केली की मूल त्यांच्यासाठी लिहू लागतं. वही मुलाची, तिला हात लावायचा नाही. तिसरं आणि सगळ्यात घातक: मन खचलेलं असताना पहिल्या पानापासून दिलासा म्हणून वाचत बसणं. त्याने उलट होतं, “तेव्हा जमत होतं, आता मी तो राहिलो नाही” असं वाटू लागतं. वाईट दिवशी वही उघडायची ती शोधायला. आत्ता जसं अडलं आहे तसंच पूर्वी कुठे अडलं होतं, ते एक पान काढायचं, तिसरी ओळ वाचायची, आणि त्यातली अर्ध्या तासात होईल एवढीच कृती दुसऱ्या दिवसाच्या आत करायची. बाकी पानं मिटून ठेवायची.

घरच्यांनी करण्यासारखं याहून सोपं आहे. निकालाच्या संध्याकाळी टक्के विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न: सगळ्यात अवघड कोणता भाग गेला? तो आधी जमत नव्हता, मग काय बदललंस? आणि पहिला पेढा कुणाला द्यायचा? तिसरा प्रश्न मुलानेच सोडवू द्यावा. आपण सवयीने आत्या-मामांकडे डबा घेऊन निघतो. मूल कदाचित नोट्स देणाऱ्या मैत्रिणीचं नाव घेईल, किंवा रात्री उशिरा येऊनही न कुरकुरता जेवण ठेवणाऱ्या मेसवाल्या काकूंचं. त्या नावांची यादी म्हणजे पुढच्या संकटात कुणाकडे जायचं याची यादी असते, आणि ती यशाच्या दिवशी जितकी खरी लिहिली जाते तितकी संकटात लिहिली जात नाही.

‘योगाचा भाग किती’ या ओळीवर नम्र माणसं फार लिहितात आणि गर्विष्ठ माणसं काहीच लिहीत नाहीत. दोघांनी मोजून लिहावं, कारण बाहेरच्या गोष्टी खरोखर असतात. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने २०२२ पासून मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन भागांत लागतात, आणि १३ टक्क्यांत गेलेल्या उमेदवारांचे निकाल बंद पाकिटात राहतात. ४ मे २०२५ ला ‘नीट’च्या दिवशी वादळी पावसाने इंदुरात काही केंद्रांवर वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर सोडवला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. ज्याच्या केंद्रावर वीज होती त्याच्या यशात विजेचाही वाटा आहे, हे त्याने यशाच्या दिवशी मान्य केलं, तर उद्या त्याच्या वाट्याला अंधार आला तेव्हा तो स्वतःला नालायक ठरवणार नाही. यशातला योग जो कबूल करतो त्यालाच अपयशातला योग प्रामाणिकपणे ओळखता येतो; एरवी ती सबब होते.

व्यक्तीला लागू पडतं ते शहरालाही पडतं, आणि इंदूरकरांनी हा भाग जरा थांबून वाचावा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर पहिलं आलं, २०२३ मध्ये सुरतेच्या जोडीने. हे यश फुकटचं नाही. ८५ वॉर्डांत घरोघर गाड्या, गाडीवरच सहा प्रकारांत वेगळा होणारा कचरा, देवगुराडियाच्या मैदानावर वर्षानुवर्षं साचलेल्या ढिगांची विल्हेवाट, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प. असे भाग मोकळे करून सांगितले तर हे यश म्हणजे काही ठरावीक कामांची साखळी आहे हे कळतं, आणि त्या साखळीत काय नाही हेही कळतं. पण आपण ते तसं साठवलं नाही. आपण ते स्वभाव म्हणून साठवलं: इंदूर स्वच्छच आहे, इंदूरकर आहेतच असे. मग डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं, शेकडो लोक आजारी पडले, अनेक कुटुंबांतली माणसं गेली. कचऱ्याची गाडी वेळेवर येण्याचा आणि जमिनीखालची जलवाहिनी सांडपाण्यापासून वेगळी असण्याचा काही संबंध नाही. दोन वेगळी कामं, दोन वेगळे तपास. ‘सर्वांत स्वच्छ’ या बिरुदाने ते दोन्ही एकच वाटू लागले. गढूळ पाणी येतंय अशी तक्रार करणाऱ्याचं म्हणणं अशा शहरात हलकं वाटणं सोपं होतं, कारण आपण पहिले आहोत. यशाला स्वभाव मानण्याची किंमत कधीकधी ज्यांनी ते यश मिरवलंही नाही अशा वस्तीला मोजावी लागते. ही गोष्ट या शहराने विसरू नये.

इथून तासाभरावरच्या पीथमपूरच्या कारखान्यांत एखादी लाइन बंद पडली तर ‘का’ असा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारणापर्यंत जायची पद्धत सर्रास वापरली जाते. लाइन महिनाभर एकदाही न अडता चालली, तर मात्र तोच तपास क्वचित होतो. व्हायला हवा. कोणत्या फिटरने कोणता नट वेळेआधी बदलला म्हणून ती चालली, हे कळलं तरच तो फिटर रजेवर गेल्यावर काय करायचं हे कळेल.

खेळात हे तुलनेने सोपं आहे, कारण तिथे धावफलक असतो. २०२२ च्या जूनमध्ये बंगळुरूत मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला, तेव्हा बहुतेकांनी नियतीची गोष्ट सांगितली: चंद्रकांत पंडित याच मैदानावर १९९८-९९ चा अंतिम सामना कर्णधार म्हणून हरले होते, आता प्रशिक्षक म्हणून जिंकले. गोष्ट हृद्य आहे. पण पुढच्या मोसमातल्या मुलाला उपयोगी पडेल ते धावफलकावर आहे: यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार, तीन वेगळ्या फलंदाजांची तीन शतकं, आणि पहिल्या डावात १६२ धावांची आघाडी. नियतीचा सराव करता येत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो: असं स्वतःच्या यशाचं पोस्टमॉर्टेम करत बसणं म्हणजे अहंकार वाढवणं, आपल्याला नम्र राहायला शिकवलं आहे. हा आक्षेप मनापासूनचा असतो, त्याला उडवून लावू नये. पण नुसतं “देवाची कृपा” म्हणण्यात कुणाचंच नाव येत नाही. सहा ओळींच्या त्या नोंदीत मदतीला एक ओळ आहे, योगाला एक ओळ आहे, आणि कुठे अडलो होतो त्याचीही एक ओळ आहे. तीन ओळी नम्रतेच्या आणि एक स्वतःच्या हाताची. श्रद्धा असेल तर कृपेलाही तिथे जागा आहे. फक्त तिच्या आड मुलाने केलेलं काम झाकलं जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुलं खचतात ती स्पर्धेने, फीच्या कर्जाने, एका खोलीत चौघं राहिल्याने. त्यांना वही देणं म्हणजे व्यवस्थेचा दोष त्यांच्यावर ढकलणं. हे अर्धं खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि त्यावर कुठलीही वही उत्तर नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, तिथे दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं, आणि डॉक्टर गाठावा. आणि व्यवस्थेकडे जे मागायचं ते मागावंच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, आणि गुणांवरून बॅचा वेगळ्या पाडू नयेत, हे त्यांत आहे. आपलं मूल ज्या क्लासात जातं तिथे समुपदेशक कोण, कोणत्या वारी बसतो, हे फी भरताना पालकांनी विचारावं. होर्डिंगवरच्या चेहऱ्यांबाबतही विचारावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांप्रमाणे यशस्वी उमेदवाराचा फोटो निवडीनंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय वापरता येत नाही, आणि त्याने कोणता कोर्स केला, तो पैसे भरून केला की नाही, हेही सांगावं लागतं. हा नियम ग्राहकासाठी आहे, पण त्याचा खरा उपयोग शेजारच्या खोलीतल्या मुलाला आहे. फक्त मुलाखतीच्या सरावाला चार दिवस आलेल्याचा फोटो दोन वर्षांच्या कोर्सचं फळ म्हणून लावला, तर खाली उभा असलेला मुलगा दुसऱ्याच्या यशाचं चुकीचं कारण शिकतो आणि स्वतःला त्या चुकीच्या मापाने मोजतो.

राहिला आपला सत्कार. तो तर पूर्ण आपल्याच हातात आहे. नावनोंदणीचा अर्ज गुणपत्रिकेसोबत मागवतो, त्याऐवजी तो एप्रिलमध्ये, पेपर संपल्यावर आणि निकालाच्या आधी वाटावा. त्यात दोनच प्रश्न: वर्षभरात कोणता धडा सगळ्यात जास्त अडला, आणि तो कसा सुटला? कुणाची मदत झाली? मोघम विचारलं तर सगळ्या अर्जांवर ‘सेल्फ स्टडी’ असं एकच उत्तर येईल, म्हणून धड्याचं नाव सक्तीचं ठेवावं, आणि मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. निवेदकाने टक्क्यांसोबत या दोन ओळी वाचाव्यात. मुलामागे दीड मिनिट धरलं तर चाळीस मुलांचा तास होतो. तेवढा वेळ प्रमुख पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांवर आणून आणि पाहुण्यांच्या सत्कारांची रांग आखडून सहज निघतो. प्रशस्तिपत्रावर टक्क्यांच्या खाली त्याच अर्जातली एक ओळ छापावी: “प्रकाशाचं परावर्तन चार वेळा आकृत्या काढून समजून घेतलं.” छपाईचा खर्च तोच. यादीत एक रकाना वाढीचा ठेवावा, गेल्या वर्षी ४८ वर असलेली मुलगी यंदा ६७ वर आली तर तिलाही मंचावर बोलवावं, कारण अडण्याबद्दल आणि सुटण्याबद्दल तिच्याकडे ९५वाल्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं असू शकतं. आणि तीन-चार वर्षांपूर्वी सत्कार झालेल्यांपैकी एकाला दरवर्षी बोलवावं, मधल्या काळात ज्याचं एखादं वर्ष वाया गेलं आणि जो पुन्हा उभा राहिला अशाला. त्याला प्रेरणा द्यायला सांगू नये. वाया गेलेल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात त्याने नेमकं काय केलं, एवढंच पाच मिनिटांत सांगायला सांगावं.